एका मुलाला किती लागतात?

जून उजाडला की फोन सुरू होतात. पुण्याहून, ठाण्याहून, एखादा थेट दुबईहून. बोलणारे बहुतेक मूळचे सोलापूरचेच. "ताई, पूर्व भागात तुमची अभ्यासिका आहे ना? एका मुलाचा वर्षाचा खर्च किती येतो? म्हणजे मी एक मूल घेतो." माणूस मनापासून विचारत असतो, म्हणून मी "कळवते हां" म्हणते आणि फोन ठेवते. कळवत मात्र नाही. तुम्ही इतक्यांदा विचारलंत म्हणून आता एकदाच लिहून टाकते.

पुस्तकं आठवीपर्यंत सरकार देतं. गणवेश मिळतो. दुपारची खिचडी शाळेत असते. फीचा प्रश्न नाही. म्हणजे तुमच्या मनातला जो खर्च आहे, दप्तर, वह्या, कंपास, तो फार मोठा नाही. तरीही सातवी-आठवीच्या वर्गातून मुलं गळतात. का, ते बघायचं तर संध्याकाळी साडेपाचला माझ्याबरोबर एखाद्या घरात चला.

दहा बाय दहाची खोली. आई भिंतीला टेकून बिड्या वळायला बसलेली, मांडीवर सूप. पानं आदल्या रात्री ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली. पत्र्याचा साचा ठेवायचा, कात्रीने पान कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळायची, दोरा बांधायचा, टोक दाबायचं. पंचवीस झाल्या की एक कट्टा. मजुरी हजारावर. सकाळी टोपलं घेऊन कारखान्यात गेलं की तिथे छाट निघते, म्हणजे बाद बिड्या, त्यांचे पैसे नाहीत. त्यामुळे हजार द्यायच्या तर वळायच्या हजाराहून जास्तच.

मुलगी शाळेतून येते, दप्तर खिळ्याला अडकवते आणि आईसमोर बसते. टोकं दाबायचं काम तिचं, कारण तिची बोटं बारीक. तिला "बस" असं कोणी म्हणालेलं नसतं. सहाशे झाल्यात आणि हजार व्हायच्यात हे तिला सुपाकडे बघूनच कळतं. अभ्यास रात्री दहानंतर, तोही झोप आली नाही तर. आमच्याकडे येणाऱ्या एका सातवीतल्या मुलीच्या वहीला तंबाखूचा वास यायचा. शाळेत वही परत मिळाली ती शेऱ्यासकट, की स्वच्छ वही आणावी. तिने नवी वही घेतली. पंधरा दिवसांत तिलाही तोच वास.

कायदा आहे. 1986 च्या बालकामगार कायद्याच्या यादीत बीडी वळणं होतं, चौदाच्या आतल्या मुलांना बंदी. पण त्याच कलमात सवलतही होती: घरच्यांच्या मदतीने घरात चालणारं काम असेल तर बंदी लागू नाही. आणि सोलापुरात बीडी वळली जाते ती घरातच. 2016 ला कायदा बदलला, पण घर काही बदललं नाही. मध्यंतरी केंद्राच्या बालकामगार प्रकल्पाच्या विशेष शाळा होत्या, सोलापूरही त्या जिल्ह्यांत होतं. मुलाला महिन्याला दीडशे रुपये विद्यावेतन, पुढे 2017 च्या सुमारास चारशे झालं. 2021 पासून तो प्रकल्प सरकारच्या 'समग्र शिक्षा' या शालेय योजनेत विलीन झाला. त्या शाळांना नावं ठेवणारे पुष्कळ होते, मीही होते. पण शाळेत यायचे पैसे मुलाच्या हातात देणारी ती एकच गोष्ट होती, हे आता जाणवतं.

मुलग्यांचं वेगळं. आठवीपर्यंत यंत्रमागवाल्याकडे सुताच्या कांड्या भरायला सुट्टीत जातात, नववीत सुट्टी लांबते. मी विचारते, "काय करलालास बे, शाळा?" तर हसतो आणि म्हणतो, "अक्का, मागावर आहे की." इकडे तेलुगू घरं जास्त, त्यामुळे मी सगळ्यांची अक्का. मिल होत्या तेव्हा निदान बापाच्या जागेवर लागायचं तरी स्वप्न होतं. आता यंत्रमागाच्या शेडमध्ये बारा तासांची पाळी.

तर, एक मूल घेणं. आम्हीही ते करून बघितलंय, लपवत नाही. सुरुवातीच्या काळात एका दात्याने एका मुलाचं वर्षाचं सगळं दिलं. छान दप्तर, पाण्याची बाटली, चित्रांचा कंपास. मी फोटो काढून पाठवला, मुलाला "थँक्यू अंकल" म्हणायला लावलं. त्या घरात तिघं भावंडं. चौथ्या दिवशी त्याची आई दप्तर घेऊन अभ्यासिकेच्या दारात उभी. म्हणाली, "अक्का, हे तुमच्याकडेच ठेवा. घरात रोज मारामारी होलालीय." दप्तर ठेवून ती गेली, टोपलं डोक्यावरच होतं. तो फोटो अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे. तेव्हापासून एक मूल कोणाला देत नाही.

मग पैसे लागतात कशाला? खोलीचं भाडं, लाईटबिल, दोन पंखे. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली बसवत नाही, पारा बेचाळीस-त्रेचाळीसला असतो, तेव्हा कूलर. खोली साडेपाच ते साडेआठ उघडी. तीन तास मुलगी सुपासमोर नसावी, एवढीच आमची योजना. आया सुरुवातीला पाठवायच्या नाहीत. आता पाठवतात, पण पाणी सुटायच्या दिवशी नाही. सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांआड येतं, आणि त्या दिवशी अर्धी अभ्यासिका घागरी घेऊन नळावर. हजेरीवहीत आम्ही त्या दिवसापुढे 'पाणी' असंच लिहितो, गैरहजेरी मांडत नाही.

पण खोलीपेक्षा जास्त जीव जातो तो कागदांत. बीडी कामगारांच्या मुलांना केंद्राची शिष्यवृत्ती आहे, पहिलीला वर्षाला हजार रुपयांपासून व्यावसायिक शिक्षणाला पंचवीस हजारांपर्यंत. अर्ज ऑनलाईन. वडील वारलेल्या मुलांना बालसंगोपन योजनेत महिन्याला 2250 रुपये मिळतात, अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत. सांगा, तुमच्या-माझ्या दप्तर-वह्यांची यापुढे काय मातबरी? हे पैसे त्या घराच्या हक्काचे आहेत आणि ते नावामुळे अडतात.

तेलुगू घरांत आडनाव आधी, मग नाव. आधार काढणाऱ्याने तेच नाव म्हणून टाकलेलं. शाळेच्या दाखल्यावर मराठी पद्धतीने नाव, वडील, आडनाव. आईच्या बीडी कामगार कार्डावर माहेरचं नाव, त्याच्यापुढे बाई जोडलेलं. बँकेत चौथंच. चार कागदांवर चार बायका, आणि समोर बसलेली एकच. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्र, परत आधार केंद्र. बालसंगोपनाला तर मुलांसोबत घरासमोर उभं राहून काढलेला फोटोही लागतो. एका विधवा बाईंचं हे सगळं जुळवायला आम्हाला अकरा महिने लागले. त्यात तिचे किती खाडे झाले, किती हजार बिड्या बुडल्या, तो हिशेब कुठल्याच अर्जात मागत नाहीत.

बरं, घरं मिळाली का? मिळाली, हे कौतुकाने सांगायला हवं. कामगारांनी लाल बावट्याखाली वर्षानुवर्षं लढून शहराबाहेर कुंभारीला 2006 मध्ये दहा हजार घरांची वसाहत उभी केली. पुढे तिथल्याच रे नगर या नव्या वसाहतीतल्या तीस हजार घरांपैकी पंधरा हजारांच्या चाव्या जानेवारी 2024 मध्ये दिल्या. भाड्याच्या खोलीतून बाई स्वतःच्या भिंतीत गेली, याला तोड नाही. फक्त आमच्याकडच्या नववीतल्या दोघी तिकडे राहायला गेल्या आणि शाळा मात्र इकडेच राहिली. शेअर रिक्षाचे जायचे-यायचे पैसे रोज कुठून आणायचे, यावर दोन्ही घरांत एकच उत्तर निघालं: यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू. एकीचं पुढच्या वर्षी लग्न ठरत होतं. चाइल्डलाईनच्या 1098 वर फोन तिने स्वतः केला, आमच्या भिंतीवर तो नंबर मोठ्या अक्षरात आहे. लग्न थांबलं. तिच्या घरचे आता माझ्याशी बोलत नाहीत. ती बोलते.

रिक्षाचे पैसे देणारा दाता मला आजवर भेटलेला नाही. रिक्षाचा फोटो चांगला येत नाही ना.

म्हणून मी एका मुलाचा आकडा सांगत नाही. द्यायचेच असतील तर लाईटबिलाला द्या. आणि सोलापूरला येणं होत असेल, थोडंफार तेलुगू येत असेल, तर शनिवारी सकाळी दहाला या. कारखान्यातून परतताना बायका त्या वेळी येतात. अर्ज भरायला लिहिणारा माणूस कमी पडतो, माझं अक्षर गिचमिड आहे. येताना एक स्टॅम्प पॅड आणा, निळं. अंगठे लावून लावून आमचं कोरडं पडलंय.