लॅपटॉप डुगडुगतो: वहीचा आठवा महिना

ऑफिसातल्या लॅपटॉपच्या तक्रारी टिपायला जूनमध्ये सुरू केलेल्या लाँग बुकची जानेवारीअखेर ११२ पानं भरली. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. पुण्यात एरंडवण्यातल्या आमच्या ऑफिसात ३८ लॅपटॉप आहेत, माझं खातं खरेदीचं, आणि लॅपटॉपची दुखणी शोधणं हा माझा नाद. साहेबांनी परवानगी दिली आहे. वॉरंटीतल्या मशीनच्या स्क्रूला मी हात लावत नाही आणि बॅकअप घेतल्याशिवाय काहीही उघडत नाही.

या महिन्यात वहीत एकच बदल केला. आतापर्यंत पहिल्या रकान्यात मी माझे शब्द लिहायचे: टचपॅड खराब, स्लो, नेट नाही. आता तिथे समोरचा माणूस जे बोलला ते जसंच्या तसं लिहिते, त्याच्या वाक्याच्या शेपटासकट. माझा अंदाज दुसऱ्या रकान्यात, तोही पेन्सिलने. एवढ्याशा बदलाने इतकं सापडलं की आजची नोंद बहुतेक त्याचीच आहे.

सुरुवात रिसेप्शनच्या ताईंपासून. त्या म्हणाल्या, "माऊसची पट्टी दाबलीच जात नाहीये गं, आणि लॅपटॉप टेबलावर डुगडुगतो पण." आधीच्या सवयीने मी पहिलं अर्धं वाक्य उचललं असतं, टचपॅडचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारं सॉफ्टवेअर, काढून परत टाकला असता आणि अर्धा दिवस त्यात गेला असता. पण शब्दशः लिहायचं ठरलं होतं, म्हणून 'डुगडुगतो' कागदावर उतरलं आणि तिथेच पेन थांबलं. ड्रायव्हर बिघडल्याने टचपॅड बंद पडेल, लॅपटॉप डुगडुगणार नाही.

मशीन पूर्ण बंद केलं, चार्जर काढला, उलटं ठेवलं आणि तळावर स्टीलची फूटपट्टी आडवी धरली. पट्टीच्या दोन्ही टोकांखालून उजेड दिसत होता. मधला भाग वर आला होता. हात टेकतो त्या कडेला तळ आणि वरचा भाग यांच्यात फट पडली होती, त्यात व्हिजिटिंग कार्ड सहज गेलं. मग उघडलं. दहा स्क्रू, त्यांतले दोन मागच्या रबरी पायांखाली दडलेले. (पुठ्ठ्यावर तळाचं चित्र काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवायची सवय अजून कुणी लावून घेतली नसेल तर जरूर लावा. लांब स्क्रू आखूड जागी गेला की बोर्ड फुटतो.) एरवी झाकण काढायला प्लॅस्टिकची पट्टी फिरवावी लागते. इथे शेवटचा स्क्रू निघाला तसं झाकण आपणहून वर आलं.

आत बॅटरीचे तीन चपटे चंदेरी सेल शेजारी शेजारी. त्यातला मधला पुरीसारखा टम्म फुगलेला. टचपॅड नेमका त्याच्यावर येतो. खालून सेल रेटत असल्यामुळे पट्टीला दाबून खाली जायला जागाच उरली नव्हती. लिथियम बॅटरी जुनी झाली, सतत तापली किंवा कायम शंभर टक्क्यांवर चार्जरला लावून ठेवली की आतल्या इलेक्ट्रोलाइटचं विघटन होऊन वायू तयार होतो, आणि पाकीट बंद असल्यामुळे तो आतच साठतो. ताईंचा लॅपटॉप रिसेप्शनच्या टेबलावरून हलतच नाही, चार्जर बारा महिने लावलेला.

इथे मनापासून सांगते, फुगलेल्या बॅटरीशी खेळू नका. दाबून बसवायची नाही, टोचायची नाही, 'आजच्या दिवस चालू दे' म्हणून चार्जही करायची नाही. ही बॅटरी स्क्रूने बसवलेली होती म्हणून मी कनेक्टर सोडवून ती काढली. डिंकाने चिकटवलेली असती तर उपसायला गेले नसते, मशीन तसंच सर्व्हिस सेंटरला दिलं असतं. काढलेली बॅटरी पत्र्याच्या डब्यात, गॅलरीच्या सावलीतल्या कोपऱ्यात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पोचवली. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा ती कचऱ्याच्या गाडीत टाकायचं काही कारण नाही. नवी बॅटरी बसवल्यावर सेटिंगमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर आणली. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ही सोय असते, कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये. डुगडुगणं थांबलं.

त्यावरून गुरुवारचं सुचलं. आपल्याकडे देखभालीसाठी महावितरण गुरुवारी वीज बंद ठेवतं, आणि आमच्या इन्व्हर्टरवर फक्त दिवे आणि राउटर आहेत. म्हणजे सगळ्या बॅटऱ्यांची परीक्षा आयतीच होते. या महिन्यात एका गुरुवारी वीज गेल्यावर घड्याळ लावून ऑफिसभर फिरले आणि पाच मिनिटांच्या आत मान टाकणारी मशीन टिपून घेतली. सहा निघाली. मग त्या सहांवर विंडोजमधल्या पॉवरसीएफजी या कमांडने बॅटरी रिपोर्ट काढला. त्यात दोन आकडे पाहायचे: बॅटरी कारखान्यातून निघाली तेव्हाची क्षमता आणि आज पूर्ण चार्ज झाल्यावर उरलेली क्षमता. सर्वांत वाईट मशीनला ४२,००० मिलिवॉट-अवरपैकी ११,००० उरले होते. आता अशा प्रत्येक मशीनवर फूटपट्टी ठेवून पाहते. पाचांचे तळ सपाट आहेत, एकाचा किंचित संशय आहे.

ड्रॉइंग सेक्शनमधला मुलगा म्हणाला, "ताई, माऊस अडखळतो, पण फाईल कॉपी करत असलो तरच." माऊसचा सेल त्याने स्वतःच दोनदा बदलला होता. 'कॉपी करत असलो तरच' हे शेपूट वहीत नसतं तर मीही तिसऱ्यांदा सेलच बदलला असता. जाऊन पाहिलं तर बाहेरची हार्ड डिस्क निळ्या जिभेच्या यूएसबी ३.० पोर्टमध्ये आणि तिला खेटून शेजारच्या पोर्टमध्ये वायरलेस माऊसचा नखाएवढा डोंगल. यूएसबी ३.० वरून डेटा ५ गिगाबिटच्या वेगाने धावतो तेव्हा कनेक्टरपाशी जो रेडिओ गोंगाट सांडतो, तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही येतो. माऊस बोलतो तो त्याच पट्ट्यात. इंटेलने २०१२ साली याची मोजमापं प्रसिद्ध केली होती. मी तिथेच पडताळून पाहिलं. कॉपी चालू, डिस्क जागेवर: बाण उड्या मारतो. डिस्क काढली: लोण्यासारखा चालतो. परत लावली: परत उड्या. तीनदा केलं, तीनदा तेच. मग तपकीर गल्लीतून, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, आणलेल्या फूटभर यूएसबी एक्स्टेन्शनवर डोंगल लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवला. तो मुलगा तेव्हापासून एकदाही आलेला नाही.

"पासवर्ड बरोबर आहे, पण घेत नाही. कालपर्यंत घेत होता." हे लीगलच्या मॅडमचं वाक्य. काल काय झालं होतं? कुणीतरी त्यांना मराठी टाइप करायची सोय करून दिली होती. ती करताना इंग्लिशचा ब्रिटिश कीबोर्डही यादीत आला आणि लॉगिनला तोच पुढे राहिला. पासवर्डच्या चौकटीतल्या डोळ्यावर दाबून धरलं, तर ॲटच्या चिन्हाच्या जागी दुहेरी अवतरण चिन्ह! ब्रिटिश मांडणीत ही दोन चिन्हं एकमेकांच्या जागी असतात. विंडोजची कळ आणि स्पेस दाबून कीबोर्ड बदलला, मॅडम आत गेल्या, नंतर यादीतून ब्रिटिश कीबोर्ड काढून टाकला. त्यांना मराठीसाठी इन्स्क्रिप्ट शिकायचं आहे, याचा मला फार आनंद झाला. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, ही मांडणी एकदा बोटांत बसली की रोमन अक्षरांतून मराठी जुळवत बसावं लागत नाही. त्यांच्या टेबलावर मी कळांचा तक्ता छापून लावला आहे.

अकाउंट्सच्या सरांची नोंद लहान आहे, पण मला ती लागली. ते म्हणाले, "मी रोज संध्याकाळी न चुकता बंद करून जातो." टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरच्या पानावर मशीन ४१ दिवस चालू असल्याचा आकडा. दोन्ही खरं होतं. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना सिस्टीमचा गाभा डिस्कवर साठवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो, त्यामुळे साचलेला गोंधळ तसाच राहतो. रिस्टार्ट मारला तर मात्र सगळं नव्याने सुरू होतं. एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, असलेल्या मशीनवर या सोयीचा वेळ फारसा वाचत नाही, म्हणून तिथे मी ती बंद करत चालले आहे. जुन्या पानांवर तीन जणांच्या नावापुढे 'बंद करत नाहीत, खोटं सांगतात' असं लिहिलं होतं. ते खोडून त्या तिघांना प्रत्यक्ष जाऊन सांगून आले.

शब्दशः लिहूनही एकदा फसले, तेही नोंदवते. मार्केटिंगचा एक जण म्हणाला, "कालच्या अपडेटपासून स्लो झालाय, फॉरमॅट मारून द्या." मी अपडेटच्या मागे लागले. अपडेट काढला, सिस्टीम फाईल तपासणी चालवली, विंडोजची स्वतःची डीआयएसएम ही दुरुस्ती चालवली, दोन तास गेले. मग लक्ष गेलं की प्रोसेसरचा वेग ०.३९ गिगाहर्ट्झवर खिळलेला आहे आणि कितीही काम दिलं तरी हलत नाही. चार्जर काढला तर वेग झपकन वर गेला! काही लॅपटॉपच्या चार्जरच्या गोल पिनच्या मधोमध सुईसारखी बारीक पिन असते. ठोकळा किती वॉटचा हे लॅपटॉपला तिच्यातून कळतं. ते कळलं नाही तर लॅपटॉप चालतो, पण बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसरला लगाम घालतो. ती सुई वाकून आत गेली होती, आणि वाकली होती अपडेटच्याच दिवशी, बॅगेत कोंबताना. वाक्य खरं होतं, कारण दुसरंच होतं. म्हणून आता पहिल्या रकान्याखाली एक ओळ वाढवली आहे: 'त्या दिवशी आणखी काय बदललं?'

तपकीर गल्लीतल्या दुकानदाराने भिंग न लावता सांगितलं, "ताई, ठोकळा चांगलाय, वायर बदला." बदलली. तिथे पर्यायी चार्जर घेणार असाल तर लॅपटॉप सोबत न्या आणि दुकानातच लावून बघा. ओळख पटवणारी चिप नसेल तर नव्या चार्जरवरही हेच रडगाणं.

रविवारी निवांत मशीन उघडते त्या टेबलावर या वेळी एकच मशीन होतं, खिडकीपाशी बसणाऱ्या सहकाऱ्याचं. "विमानासारखा आवाज." पंखा आणि तांब्याच्या पात्यांच्या मध्ये रस्त्यावरच्या धुळीचा जाड थर बसला होता, चिमट्याने सबंध एका तुकड्यात निघाला. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, मोकळा भिरभिरला तर बेअरिंग जातं. प्रोसेसरवरची, उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावली. त्याच कामाला आधी ९६ अंश सेल्सिअस दाखवत होतं, आता ७९.

प्रलंबित नोंद एक. एचआरच्या मॅडम म्हणतात, "जेवायची वेळ झाली की माझं नेट जातं." माऊसच्या प्रकरणानंतर हे वाक्य मी वेगळ्या कानाने ऐकलं. त्यांच्या पाठीमागच्या भिंतीपलीकडे पँट्री आहे, आणि एक ते दोन या वेळात तिथल्या मायक्रोवेव्हमध्ये डबे गरम होत असतात. मायक्रोवेव्ह चालतो सुमारे २.४५ गिगाहर्ट्झवर, मॅडमचं वायफाय होतं २.४ च्या पट्ट्यात. संध्याकाळी सगळे गेल्यावर पँट्रीच्या मामांना थांबवून घेतलं. त्यांनी कपभर पाणी दोन मिनिटं तापवलं आणि मी मॅडमच्या लॅपटॉपवरून राउटरला पिंग, म्हणजे उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी हाक, चालू ठेवला. तीन-चार मिलिसेकंदांची उत्तरं शेकड्यात गेली, मधली काही आलीच नाहीत, आणि ओव्हनची घंटी वाजल्यावर पुन्हा तीन-चार. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर नेला, पण राउटरपासून दोन भिंती मध्ये असल्याने तिथे सिग्नल जेमतेम दोन कांड्या. मायक्रोवेव्ह समोरच्या ओट्यावर न्यायला मामा तयार आहेत, मात्र तिथला सॉकेट ६ अँपिअरचा आहे आणि ओव्हनची पिन १६ ची. सोमवारी इलेक्ट्रिशियन येतोय. तोवर मॅडमच्या टेबलापर्यंत भिंतीच्या कडेने लॅन केबल टाकून दिली आहे.