बारीक मासळीचा वाटा

बेळगावाला समुद्र नाही, पण मासळीबद्दल मतं मात्र ढीगभर. पापलेट कुणाकडं ताजं, बांगडा कारवारचा बरा की मालवणचा, सुरमई परवडायचे दिवस कसे गेले, ह्यावर पिशव्या सांभाळत वाद घालणारे लोक रविवारी सकाळी कॅम्पातल्या मासळी बाजारात हमखास भेटतात. बाजूलाच बारीक मासळीचे वाटे लावलेले असतात. त्यांच्याकडं कोण ढुंकून बघत नाही. माझा जीव त्या वाट्यात.

सुरमईची कापं बघून समुद्राचं काही कळत नाही. वाट्याचा पत्ता मात्र लगेच कळतो: वाळूचा किनारा, गुडघाभर ते पुरुषभर पाणी. गोव्याला जाऊन आपण पँट दुमडून जिथं उभे राहतो, तिथलेच हे रहिवासी. मुडदुशी घ्या. निमुळतं तोंड, अंगाला वाळूचाच रंग. धोका दिसला की सरळ वाळूत घुसते. लेप तर त्याहून वल्ली. जन्मतो तेव्हा डोळे चारचौघांसारखे दोन बाजूंना असतात. वाढता वाढता एक डोळा डोक्यावरून सरकत पलीकडं जातो आणि मग हा पठ्ठ्या आयुष्यभर कुशीवर पडून दोन्ही डोळ्यांनी वर बघत राहतो. खापी दिसायला बोटभर चांदीचा पत्रा. तिचा ओठ नखानं हलकेच ओढला की तोंड नळीसारखं पुढं येतं, सोडलं की आत. तिच्या घशाशी उजेड देणारे जिवाणू राहतात, म्हणजे बाईंचा स्वतःचा दिवा आहे. (हे ओठ ओढणं मी बाजारात करतो. "घेणार आहात की खेळणार आहात, ओ सर?" हे ठरलेलं.)

एवढ्याशा पाण्यात इतकी पिल्लावळ का? लाटांनी वाळू ढवळून पाणी गढूळ होतं, मोठ्या शिकारी माशांना नीट दिसत नाही, उथळात शिरताही येत नाही. शिवाय तीच लाट खाणं वर काढून देते. म्हणून तारली, शेवटे, धोमे अशा कितीतरी जातींची पोरं तिथं वाढतात. जाळ्याच्या एका ओढीत दोन-चार जातींचा भरणा, बाकीच्या एखाद-दुसऱ्या; भरती-ओहोटी, दिवस-रात्र, ऋतू बदलला की मंडळीही बदलतात.

आपलाही ह्यात थोडा वाटा आहे. म्हादई आमच्या खानापूर तालुक्यातली, देगावची. पावसाळ्यात ती इथला गाळ घेऊन घाट उतरते, मांडवी म्हणून पणजीला समुद्रात जाते. आणि चोर्ला घाटानं टेम्पो मासळी घेऊन वर येतात.

खटकतं ते एवढंच, की वाट्यातला बोटाएवढा धोमा हा काही जातीनं बारका नाही, पोर आहे. जून-जुलैत ट्रॉलरना बंदी असते, ठीक. पण बारीक आसाचं, म्हणजे बारक्या भोकांचं जाळं बाकीचे दहा महिने काय सोडतं? मग मोठी मासळी मिळत नाही म्हणून ओरडायचंही आपणच. मी वाटे विकणाऱ्या मावशींना म्हटलं, एवढी बारकी कशाला आणता?

"आम्ही काय समुद्रात उतरून वेचून आणतोय काय? जाळ्यात आलं ते टेम्पोत, टेम्पोतलं इथं. बारकं नको तर लेप घ्या की. कातडं सोलून देते. रवा तेवढा जाड लावायला सांगा घरात."