बोटीच्या पोटातला उजेड

तुर्भे एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये बिल्डरांसाठी इमारतींची मॉडेल्स बनतात. टॉवर, पोडियम, क्लबहाउस, स्पंजची झाडं. त्यामुळे मे महिन्यात नेरूळचे एक निवृत्त कॅप्टनसाहेब सुतळीनं बांधलेला खोका घेऊन आले, तेव्हा सगळेच हातातलं काम टाकून बघायला उठले. आत लाकडी जहाजाचा किट होता. १:६४ मापाची, म्हणजे खऱ्याच्या चौसष्टाव्या हिश्शाची, शिडाची लढाऊ फ्रिगेट.

साहेबांचं जहाज एकदा इंग्लंडमधल्या टीसपोर्ट बंदराला लागलं होतं. तेव्हा सुट्टी मिळताच ते जवळच्या हार्टलपूलला जाऊन 'ट्रिंकोमाली' बघून आले होते. मुंबईच्या गोदीत १८१७ साली जमशेटजी बोमनजी वाडियांनी सागवानात बांधलेली ही फ्रिगेट आजही तिथे पाण्यावर उभी आहे. "आपल्या गोदीतलं लाकूड आहे ते," ते म्हणाले आणि थोडा वेळ काही बोललेच नाहीत. परत आल्यावर हा किट त्यांनी विकत घेतला. तो तसाच माळ्यावर राहिला आणि त्यात कीड शिरली.

बाकीचा किट ठीक होता, पण आतल्या थराच्या पट्ट्यांचा पार भुगा झाला होता. या किटमध्ये फळ्यांचे दोन थर असतात. कण्यावर आडव्या फासळ्या बसवायच्या, त्यांच्यावर १.५ मिमी लाइमवूडच्या पट्ट्यांचा पहिला थर चढवायचा, तो घासून गुळगुळीत करायचा आणि वर अर्धा मिमी अक्रोडाचा दिसणारा थर चिकटवायचा. आमच्याकडे बासवूडचे शीट होते, १ आणि २ मिमीचे. लाइमवूडचंच भावंड, त्यामुळे लाकडाची काळजी नव्हती. प्रश्न फक्त जाडीचा होता.

मी स्केलवर, म्हणजे त्या १:६४ च्या प्रमाणावर, विसंबले. त्या काळच्या फ्रिगेटच्या बाहेरच्या फळ्या साधारण तीन-चार इंच जाड असत. तीन इंचांना ६४ नं भागलं की १.२ मिमी येतात. शिवाय १ मिमी पट्टी नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, वळणावर हातानं वळते, वाफ नको की काही नको. साहेबांना हे सगळं गणित मांडून पटवलं आणि १ मिमीच्या पट्ट्या कापून घेतल्या. काम भराभर झालं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही बाजू फळ्यांनी झाकल्या गेल्या आणि मी पॉलिश पेपर लावलेला ठोकळा हातात घेतला.

घासता घासता काहीतरी खटकत होतं. प्रत्येक फासळीपाशी बोटाला उंचवटा लागायचा आणि दोन फासळ्यांच्या मधे खळगा. उपाशी घोड्याच्या बरगड्या दिसतात ना, तसं. मी उंचवटे घासत राहिले. खळगे कमी होईनात, म्हणून आणखी घासलं.

दुपारी तीनच्या सुमाराला लाइट गेली. बाहेर आभाळ फाटल्यासारखा पाऊस, आत मिट्ट अंधार. हेल्परनं मोबाइलचा टॉर्च लावला आणि हात मोकळे करायला तो सहज बोटीच्या पोटात, डेकच्या जागी मोकळ्या असलेल्या भागात ठेवला.

"ताई, हे बघा."

संपूर्ण बोट आतून उजळली होती. प्रत्येक फासळीच्या जागी काळी रेघ आणि तिच्या दोन्ही अंगांना तांबूस, पारदर्शक पट्टे. फासळीच्या आधारानं जिथे फळी घट्ट उभी होती, तिथेच माझ्या घासण्याचा सगळा भार पडला होता. मधली फळी आत दबून पेपरपासून सुटत होती. एका ठिकाणी नखानं दाबलं तर लाकूड आत गेलं. तिथला तुकडा कापून व्हर्नियरमध्ये धरला. ०.४ मिमी.

मी त्या अंधारात खूप वेळ तशीच बसून राहिले. साहेबांचा चेहरा डोळ्यांसमोर येत होता. सुतारकाका कोपऱ्यातून उठून आले, टॉर्चच्या उजेडात बोटीवरून तळवा फिरवला आणि एवढंच म्हणाले, "पोरी, तू किती जाड लावली ते बघितलंस. घासून किती उरणार ते धरलंच नाहीस."

स्केलचं गणित चुकलं नव्हतं, ते चुकीच्या जागी लावलं होतं. आतल्या थराची जाडी बाहेरून कुणालाच दिसत नाही. त्या थराचं काम फासळ्यांमधलं अंतर न दबता पेलण्याचं आणि घासायला लाकूड पुरवण्याचं. आमच्या बोटीत ते अंतर सुमारे ४ सेंटीमीटर होतं. जाडी दुप्पट झाली की पट्टीचा ताठपणा आठपट होतो. म्हणजे १ मिमीच्या जागी २ मिमी घेतली असती, तर हे खळगे पडलेच नसते.

त्याच संध्याकाळी साहेबांना फोन करून सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "उलगडा. घाई नाही."

गोंद सैल करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि हेअर ड्रायर वापरला. दोन दिवस त्यात गेले. मग २ मिमीची वेळ आली. किटमधल्या फासळ्या १.५ मिमीच्या हिशेबानं कापलेल्या असतात, त्यामुळे आमची बोट दोन्ही अंगांनी अर्धा मिमी फुगली असती. म्हणून प्रत्येक फासळीची कड तेवढी घासून उतरवली. नाळेपाशी पहिल्या दोन पट्ट्या मोडल्या. नंतर पट्ट्या अर्धा तास गरम पाण्यात ठेवून, केस कुरळे करायच्या मशीनवर हळूहळू वळवल्या आणि पुढच्या फासळ्यांमधे बाल्साचे ठोकळे भरले. नाळेला जिथे पट्टी टेकते, तिथे शेवटची दोन सेंटीमीटर ब्लेडनं एक मिमीपर्यंत उतरवली, नाहीतर वर अक्रोड चढल्यावर फळी नाळेच्या लाकडाच्या वर उभी राहिली असती. पाण्यानं लाकूड फुगतं, म्हणून प्रत्येक पट्टी रात्रभर वाळू दिली आणि मगच चिकटवली. पावसाळ्यात तेही पुरत नव्हतं, बल्बखाली ठेवावी लागायची.

घासून झाल्यावर वर्कशॉपमधले दिवे मुद्दाम बंद करून टॉर्च आत ठेवला. काळोख. नाळेजवळ, मी मुद्दाम पातळ केलं होतं तिथे, अगदी पुसटशी लाली. बाकी कुठे काही नाही. तोफांच्या खिडक्या कापताना निघालेले तुकडे मोजले, ते १.६ मिमी भरले.

साहेब अक्रोड चढवायच्या आधीच बघायला आले. हात फिरवून झाल्यावर त्यांनी एका खिडकीत करंगळी घातली.

"त्या खऱ्या जहाजात मी अशा खिडकीत हात घातला होता," ते म्हणाले. "भिंत फुटाहून जास्त जाड होती. बाहेरची फळी, मधली लाकडं, मग आतली फळी."

एक फूट म्हणजे इथे पावणेपाच मिमी. आमच्या खिडकीची कड, अक्रोड धरून, दोनाच्या थोडी वर. इथे मात्र जाडी डोळ्याला दिसते. मी आतून चौकटीसाठी ३ मिमीच्या पट्ट्या कापायला घेतल्या. एका बाजूला चौदा खिडक्या. साहेबांनी खुर्ची जवळ ओढली आणि कापलेली प्रत्येक चौकट ते स्वतः पॉलिश पेपरवर घासू लागले.