तुम्ही विचारलंत म्हणून: मूल शर्यतीत पळतं तेव्हा

माझी मुलगी आठशे मीटर पळते हे कळलं की इतर पालक हटकून एकच विचारतात: "पाठिंबा तर द्यायचाय, पण दडपण येऊ द्यायचं नाही. तुम्ही कसं जमवता?" तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्या मते आरडाओरड्याने जेवढं दडपण येतं, त्याहून जास्त आपल्या आनंदाने येतं. पहिली आली की नातेवाइकांना फोनवर फोन, आणि सहावी आली की "असू दे गं" म्हणताना आपला चेहरा पडलेला. मुलांना हा फरक लगेच कळतो. आईबाबांची खुशी आपल्या नंबरावर ठरते असं एकदा मनात बसलं, की स्टार्ट लाइनवरच पाय जड होतात. म्हणून शर्यत कशीही होवो, त्यानंतरचा अर्धा तास आमच्याकडे सारखाच असतो: पाणी, कोरडा टी-शर्ट, खाणं. टायमिंगचा विषय तिने काढला तर बोलायचं. ती काढतेच, पण तिला वाटेल तेव्हा.

शर्यत चालू असताना सूचना अजिबात देऊ नयेत, यावर मी ठाम आहे. आठशे मीटर म्हणजे ट्रॅकच्या दोन फेऱ्या. घाबरलेलं मूल पहिल्याच फेरीत सगळा जोर लावून बसतं. मग शेवटच्या दोनशे मीटरला खांदे वर चढतात, मुठी आवळतात, पाऊल आखूड पडायला लागतं. अशा वेळी कडेला उभं राहून "अजून जोरात!" ओरडलं की त्या मुठी आणखी घट्ट होतात. कुठे दम राखायचा आणि कुठे सोडायचं हे कोचने सांगितलेलं असतं. दोन आवाज दोन गोष्टी सांगायला लागले तर पोरीने ऐकायचं कुणाचं? मी तिचं नाव घेते आणि टाळ्या वाजवते. शेवटून येणाऱ्या मुलांसाठी तर जास्तच वाजवते.

वाढीच्या वयाबद्दल मात्र पालकांनी आधीच माहिती करून घ्यायला हवी. उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती मुलींची साधारण 12व्या वर्षाच्या आसपास, मुलांची 14व्या. त्यातही कुणाचं लवकर, कुणाचं उशिरा. बारा वर्षांखालच्या गटात सगळ्यांना मागे टाकणारं मूल पुष्कळदा फक्त लवकर वाढलेलं असतं. बाकीचे नंतर त्याला गाठतात, आणि तेव्हा "याला झालंय काय?" असं घरात कुणी म्हणू नये. मुलींचं शरीर बदलतं तेव्हा एखाददोन सीझन टायमिंग जागचं हलत नाही, कधी मागेही जातं. सराव तोच, मेहनत तीच. हे अगोदर सांगून ठेवलं नाही तर मुलगी स्वतःलाच दोष देत बसते. याच काळात टाच किंवा गुडघ्याखालचा भाग दुखतो, कारण वाढणाऱ्या हाडाची नाजूक जागा तिथे असते आणि स्नायू नेमके तिथेच ओढ देतात. "थोडं दुखणारच" म्हणून पळवू नका, डॉक्टरांना दाखवा.

आणि वजनाबद्दल चकार शब्द काढू नका. अमेरिकेची मेरी केन 2013 मध्ये अवघ्या 17व्या वर्षी जागतिक स्पर्धेत 1500 मीटरच्या अंतिम फेरीत पळाली. वजन कमी करण्याच्या सततच्या दबावाखाली आपली पाळी तीन वर्षं बंद होती आणि पाच हाडं मोडली, असं तिने 2019 मध्ये जाहीरपणे सांगितलं. पाळी थांबली म्हणजे सराव कसून चाललाय, असं मानणारे अजूनही भेटतात. मला त्याची खरंच भीती वाटते. पळण्याच्या मानाने खाणं कमी पडतंय याची ती खूण असू शकते, आणि त्याची किंमत हाडं मोजतात.

पळायचं की नाही, हे आम्ही तिला सीझन संपल्यावर विचारतो. शर्यतीच्या आदल्या रात्री विचारून उपयोग नसतो. तेव्हा धास्तीने कुणीही नको म्हणेल किंवा आपलं मन राखायला हो म्हणेल. सुट्टीत, स्पाइक्स (पळायचे खिळ्यांचे बूट) कपाटात गेल्यावर विचारलं की खरं उत्तर मिळतं, आणि ते "नाही" आलं तरी ऐकायची आपली तयारी हवी. गेल्या वेळी ती म्हणाली, ट्रॅक हवा, क्रॉसकंट्री (माळरानातून, चढउतारांवरून पळायची लांब शर्यत) नको. कोचना वाईट वाटलं. पण तिचं नाव आम्ही दिलं नाही, आणि का नको हेही खोदून विचारलं नाही.