न्योर्डलिंगन, सोमवार आणि डुक्कर

खरं तर एकाच दिवसाचा प्लॅन होता, सकाळी जर्मनीतल्या आउग्सबुर्गहून निघायचं, डोनाउव्योर्थला गाडी बदलायची, न्योर्डलिंगन या छोट्या गावातलं रीसक्रेटर म्युझियम बघायचं, टॉवर चढायचा आणि संध्याकाळी परत. म्युझियमच्या दारात पोचल्यावर लक्षात आलं की आज सोमवार, म्हणजे बंद. जर्मनीत सोमवारी बरीच म्युझियम बंद असतात हे मला पक्कं माहीत होतं, तरी तिकीट काढताना डोक्यात आलंच नाही. बायको काही बोलली नाही, नुसतं बघितलं. शेवटी एक छोटंसं गेस्टहाउस शोधलं आणि मुक्काम ठोकला.

म्युझियमसाठी एवढा जीव का टाकला, तर हे अख्खं गाव खड्ड्यात आहे. साधारण दीड कोटी वर्षांपूर्वी इथे लघुग्रह आदळला आणि जवळपास 25 किलोमीटर रुंद खड्डा पडला, तोच रीस क्रेटर (आपलं लोणार 2 किलोमीटरसुद्धा नाही). बरीच वर्षं लोक याला जुना ज्वालामुखीच समजायचे, मग 1960 मध्ये यूजीन शूमेकर आणि एडवर्ड चाओ या भूशास्त्रज्ञांना इथल्या दगडात कोएसाइट नावाचं खनिज सापडलं, जे बनायला लागणारा दाब ज्वालामुखीत नसतोच, आणि विषय संपला.

आधी सेंट जॉर्ज चर्चचा टॉवर चढलो. त्याला नाव आहे डानिएल, उंची 90 मीटर, पायऱ्या 350, आणि दोनशेच्या पुढे मी मोजणं सोडून दिलं. वरून खाली लाल कौलांचं गोल गाव दिसतं आणि फोटो बघून बऱ्याच जणांना वाटतं की तो गोल म्हणजेच खड्डा. तसं नाहीये, तो गोल तटबंदीचा. खड्ड्याची कड म्हणजे लांब क्षितिजावर दिसणारी टेकड्यांची रांग, ती दिसली की मग आकार डोक्यात शिरतो.

खाली आल्यावर चर्चच्या भिंतीला नाक लावून उभा राहिलो. दगड राखाडी, मध्येमध्ये काळपट काचेसारखे तुकडे रुतलेले, काही ठिकाणी झिजून खड्डे पडलेले. याचं नाव सुएव्हाइट, त्या टकरीतच तयार झालेला, आणि त्यात हिरे आहेत! पण इतके बारीक की मायक्रोस्कोपशिवाय काही दिसत नाही. बायको म्हणाली, म्हणूनच भिंत अजून जागेवर आहे.

तटबंदीवरून मात्र नक्की चाला. साधारण 2.7 किलोमीटर, पूर्ण फेरी मारता येते, वर कौलारू छप्पर असल्यामुळे पाऊस आला तरी काही बिघडत नाही. आतल्या बाजूला भिंतीला टेकून बुटकी घरं आहेत, लोक राहतात त्यांत, त्यामुळे चालताना कुणाच्या तरी परसातले वाळत घातलेले मोजे दिसतात आणि उगाच ओशाळल्यासारखं होतं.

गावात जागोजागी रंगवलेली डुकरं का उभी आहेत ते संध्याकाळी कळलं. दंतकथा अशी, 1440 मध्ये शत्रूने पहारेकऱ्यांना फितवून वेशीचा दरवाजा उघडा ठेवायला लावला, रात्री एक डुक्कर त्या दाराला अंग घासायला लागलं, दार हललं, एका बाईने ते बघितलं आणि "सो, ग्झेल, सो!" (साधारण "असं काय, गड्या!") असं ओरडली, गाव वाचलं. तीच पुढे पहारेकऱ्यांची हाक झाली म्हणे.

आणि ही हाक अजून रोज देतात! रात्री 10 ते 12, दर अर्ध्या तासाने, टॉवरवरचा पहारेकरी. आम्ही दहाला पाच कमी असताना चौकात जाऊन उभे राहिलो, आजूबाजूला चिटपाखरू नाही. घड्याळाचे ठोके पडले आणि वरून लांब ओढलेला आवाज आला, माईक नाही काही नाही, एका माणसाचा गळा. अंगावर काटा आला. साडेदहाची ऐकायला पण थांबलो, थंडीने दात वाजत असताना.

मंगळवारी म्युझियम उघडल्या उघडल्या आत. 1970 मध्ये अपोलो 14 चे अंतराळवीर दगड ओळखायला शिकायला इथे आले होते, त्यामुळे नासाने दिलेला चंद्रावरचा खराखुरा दगड इथे ठेवलाय. बायकोने काचेला नाक लावून नीट बघितला आणि म्हणाली, "बरं झालं सोमवारी आलो."