खाडीत शीड लावण्याआधी तिथी बघा

अ‍ॅपवर १२ नॉट (ताशी सुमारे २२ किलोमीटर) दिसले, तेवढा वारा आपल्याला झेपतो, तर चला होडी पाण्यात ढकलू. ठाण्याच्या खाडीत शिडाच्या होड्या उलटतात त्यामागे बहुतेक वेळा हाच हिशोब असतो. वाऱ्याचा आकडा बरोबर असतो. चुकतं ते एवढंच, की त्या वेळी पाणी कुठल्या दिशेने चाललंय हे कुणी बघितलेलं नसतं.

ही खाडी साधारण उत्तर-दक्षिण पसरलेली. भरती दक्षिणेकडून, म्हणजे बंदराकडून वर ठाण्याकडे चढते, ओहोटी उलट खाली उतरते. मे संपत आला की वारा नैर्ऋत्येकडे सरकतो आणि पावसाळाभर तिकडूनच येतो. म्हणजे ओहोटी लागली की वारा आणि पाणी समोरासमोर. १५ नॉटचा वारा आणि २ नॉटची ओहोटी एकमेकांवर आली, तर पाण्याला १७ नॉटचा वारा लागतो. तोच वारा भरतीबरोबर असेल तर १३. फरक ४ नॉटचाच दिसतो, पण वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून प्रत्यक्षात तो पावणेदोन पटीच्या आसपास जातो. वर लाटा आखूड आणि उभ्या होतात. उंची मांडीएवढीच असेल, पण दोन लाटांमधलं अंतर होडीच्या लांबीएवढं राहतं. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, एका लाटेवरून उतरते ती थेट पुढचीत घुसते. भर समुद्रात दीड मीटरच्या लांब लाटेवर आरामात तरंगणारी होडी वाशी पुलाच्या दक्षिणेला या आखूड लाटांत पाणी भरून घेते ते यामुळेच.

आता तिथीचा उपयोग. किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा असा: तिथीला पाऊणने गुणा, भरती पूर्ण होण्याची वेळ येते. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. मुंबईच्या अपोलो बंदरापेक्षा खाडीत आत, ऐरोली-ठाण्याकडे, भरती उशिरा पोचते. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच घ्यायची, पण आठवड्याचा अंदाज बांधायला हा ठोकताळा पुरतो. त्यातून एक गोष्ट लगेच दिसते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास दुपारी १२ ते ६ ओहोटी असते, आणि खारा वारा जोरात असतो तोही दुपारी २ ते ५. शिवाय तेव्हा उधाण असतं, पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, म्हणजे ओघही तगडा. अष्टमी-नवमीला भांगाची भरती. पाणी कमी हलतं आणि दुपारी चढतं असतं. तोच वारा, तीच होडी, पण पाणी निम्म्याहून शांत. सुट्टी रविवारी आली म्हणून तिथी बदलत नाही, हे मात्र शनिवारी रात्री कुणालाच पटत नाही.

ओघ सहाही तास सारखा नसतो. सहा तासांचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पुढे दोन आणि एक. ४.२ मीटरची ओहोटी असेल तर पहिल्या तासात ३५ सेंटिमीटर उतरतं आणि तिसऱ्या तासात एक मीटरपेक्षा जास्त. उधाणाच्या दिवशी भरती १२ ला पूर्ण झाली, तर २ ते ४ हे दोन तास सर्वांत वाईट. त्या वेळी शीड उतरवून होडी किनाऱ्यावर असलेली बरी.

हिवाळ्यात चित्र उलटं. सकाळी जमिनीकडून मतलई वारा येतो, उत्तर-ईशान्येचा, आणि तो भरतीवर उलटा पडतो. पण त्याचा जोर कमी आणि दहा-अकरापर्यंत तो मरतो, म्हणून फारसा त्रास होत नाही.

वाऱ्याच्या अंदाजाबद्दल. अ‍ॅप देतं तो सरासरी वेग. झोत त्याच्या दीडपट धरायचे, म्हणजे जोर दुपटीहून जास्त. हवामान खातं ताशी किलोमीटरमध्ये सांगतं, तेव्हा १ नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. ताशी ४०-५० किलोमीटरचा इशारा म्हणजे २२ ते २७ नॉट. एवढ्यात पाण्यावर सगळीकडे पांढरे शेंडे दिसतात आणि ४ मीटरच्या होडीचं तिथे काही काम नसतं. बंदरावर तीन नंबरचा, म्हणजे वादळी वाऱ्याच्या इशाऱ्याचा, बावटा लागला असेल तर पुढचं काही वाचायची गरज नाही. लहान नौकांसाठी हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या संस्थेची वेगळी सूचना असते, तीही बघावी. नवशिक्याने १० नॉट, हात बसलेल्याने १६-१७ ही वरची मर्यादा धरावी आणि उधाणाची ओहोटी वाऱ्यावर उलटी असेल तर त्यातून ४ वजा करावेत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. ज्यांचं पोट दर्यावर आहे ते नारळी पौर्णिमेची वाट बघतात. हौशी माणसाने त्याआधी शीड लावायचं कारण काय, ते मला अजून कळलेलं नाही.

खरा धोका मात्र पावसाळ्यात नाही, त्याच्या दोन टोकांना आहे. मेच्या शेवटी आणि ऑक्टोबरात दुपारनंतर सह्याद्रीवर ढग चढतात आणि संध्याकाळी पूर्वेकडून खाली येतात. खाडीतून बघताना ते पारसिकच्या डोंगरामागून वर येतात, त्यामुळे उशिरा दिसतात. डोंगराच्या वर काळी कड दिसली तेव्हा ढग जवळ आलेला असतो. खूण अशी: पश्चिमेचा खारा वारा एकदम पडतो, शीड लोंबतं, पाणी तेलकट दिसतं. मग पूर्वेकडून गार झुळूक येते आणि पाण्यावर एक गडद पट्टा आपल्याकडे सरकताना दिसतो. वारा पडल्यापासून झोत येईपर्यंत काही मिनिटंच मिळतात. ती वल्ही मारत घरी पळण्यात घालवू नका. शीड पूर्ण उतरवा, बूमला (शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याला) तीन ठिकाणी दोरीने आवळा, डॅगरबोर्ड (होडीच्या मधून पाण्यात सोडलेली फळी) अर्धा वर घ्या म्हणजे झोताने होडी त्यावर अडखळून उलटणार नाही. नाळेवरून नांगर सोडा आणि सगळे खाली बसा. लेझरसारख्या एकट्याने चालवायच्या छोट्या होडीत शीड डोलकाठीवर मोज्यासारखं चढवलेलं असतं, ते पाण्यात उतरवता येत नाही. तिथे मेनशीट, म्हणजे शीड आत-बाहेर करायची दोरी, पूर्ण मोकळी सोडा, त्यासाठी तिच्या टोकाला गाठ नको. वीज कडाडत असेल तर सगळ्यात आधी किनारा. खाडीच्या मोकळ्या पाण्यात आपली डोलकाठीच सगळ्यात उंच असते.

शीड कमी करायचं ते किनाऱ्यावर. पाण्यात गेल्यावर "आता कमी करूया" असं म्हणेपर्यंत दोन्ही हात अडकलेले असतात. रीफच्या, म्हणजे शीड आखूड करायच्या दोऱ्यांच्या, दोन ओळी असतील तर १२ नॉटला पहिली बांधा. रीफ बांधताना शिडाचा मागचा कोपरा आधी बूमवर घट्ट मागे ओढा, मग मधल्या दोऱ्या सैलच बांधा. ताण मधल्या दोऱ्यांवर आला की कापड तिथूनच फाटतं. लेझरला बूम काढून, शीड डोलकाठीभोवती एक-दोन वेढे गुंडाळून, परत बूम लावता येतं. शिडाची पोटली सपाट करा: आउटहॉल (मागचा कोपरा ताणणारी दोरी) ओढा, खालच्या कोपऱ्याचा ताण वाढवा, किकर (बूम खाली ओढणारी दोरी) घट्ट. फुगलेलं शीड जोर देत नाही, होडी आडवी करतं.

वाऱ्यावर चढताना मेनशीट हातात धरा, क्लीटमध्ये (दोरी पकडून ठेवणाऱ्या खाचेत) अडकवू नका. झोत आला की आधी शीट एक हात सोडायची, मग बाहेर झुकायचं. लाटेवर चढताना नाळ किंचित वाऱ्याकडे, माथ्यावर पोचताच सुकाणू थोडं उलटं करून खाली घसरवायची. सरळ ठोकत गेलात तर होडी थांबते, आणि थांबलेल्या होडीचं सुकाणू काम करत नाही.

परतीचा वारा पाठीमागून असेल तर फसगत जास्त. १४ नॉट वाऱ्यात ५ नॉटने पळताना अंगाला ९ नॉटच लागतात, सगळं निवांत वाटतं. तोंड वाऱ्याकडे फिरवलं की १७ च्या आसपास, आणि जोर साडेतीन पट. म्हणून वळण्याआधी शीड किती आहे ते मनात तपासा. पाठीच्या वाऱ्यात बूम एका बाजूने दुसरीकडे फिरवायचा असेल, म्हणजे जाइब, तर वारा ताशी २० किलोमीटरच्या, म्हणजे साधारण ११ नॉटच्या, वर असताना तो करूच नका. उलट वाऱ्याच्या तोंडातून पूर्ण वळसा घ्या. वेळ लागतो, लाज वाटते, डोकं शाबूत राहतं.

होडी उलटलीच, तर आधी माणसं मोजा. मग मेनशीट आणि किकर मोकळे करा. शीट अडकलेली ठेवून सरळ केली तर उठताक्षणी शीड वारा पकडतं आणि होडी पळते किंवा पुन्हा आडवी होते. एकाने नाळेला लोंबकळायचं, त्याच्या अंगाच्या ओढीने नाळ वाऱ्याकडे वळते. दुसऱ्याने डॅगरबोर्डवर, अगदी मुळाशी, उभं राहून मागे झुकायचं. टोकाला उभं राहिलात तर बोर्ड मोडतो. डोलकाठी वारा येतो त्या बाजूला पडलेली असताना उचलली तर शिडाखाली वारा शिरतो आणि होडी पलीकडे कोसळते, म्हणून आधी वळवायची, मग उचलायची.

या खाडीतली खास अडचण म्हणजे गाळ. ओहोटीला मुख्य ओघ सोडला तर पाणी उथळ, आणि डोलकाठी सहा मीटरची. होडी पूर्ण पालथी झाली की शेंडा चिखलात रुततो. अशा वेळी तळावर चढून नाचू नका, वजनाने तो आणखी खोल जातो. सगळे पाण्यात, होडीला धरून. सोबतची बोट असेल तर दोर बांधून डोलकाठीच्या रेषेतच हळू ओढायची, आडवं ओढलं तर नळी वाकते. हे टाळायचा स्वस्त उपाय म्हणजे शेंड्याला बूच घट्ट लावलेला ५ लिटरचा रिकामा डबा. तिथे त्याचा ५ किलोचा उचल मिळतो आणि होडी पालथी व्हायला वेळ लागतो. तसेच तेलाचे रिकामे डबे बैठकीखाली दोरीने आवळा, वीस डबे म्हणजे १०० किलोचा उचल. सुकाणूची खिटी लागली आहे का ते बघा, शिवाय ३ मिलिमीटरच्या दोरीने ते होडीला बांधा. सुटलं तर गाळातून कुणी काढून देणार नाही.

पुलांच्या खांबांपासून लांब राहा. ओघ होडीला खांबावर आडवी दाबतो, पाणी वरच्या कडेवरून आत शिरतं आणि मग ती निघत नाही. खांबावर हातपाय टेकवून ढकलायला जाल तर कालवं ब्लेडसारखी कापतात. पुलाकडे ओघ वाहत असेल तर नांगर मोकळा आणि वल्ही हाताशी हवीत. नांगर घडीचा चार बोटांचा नको, मऊ गाळात तो नुसता घसरतो. चपट्या फाळाचा ३ किलोचा घ्या, पुढे ३ मीटर साखळी. दोराची लांबी भरतीच्या खोलीवर मोजा: ओहोटीला ३ मीटर, त्यात ४ ची भरती, अर्धा मीटर नाळेची उंची, एकूण साडेसात, गुणिले ५, म्हणजे ३८. ४० मीटर दोर घ्या आणि त्याचं टोक होडीला बांधलंय का ते सोडण्याआधी बघा.

गाळावर अडकलात तर खाली उतरू नका. मांडीपर्यंत रुतल्यावर माणूस स्वतःहून निघत नाही, आणि तिवरांकडे चालत जायचा मोह होतो. होडीतच बसा, भरती येईल. माणशी दोन लिटर पाणी, टोपी आणि प्लास्टिकच्या सीलबंद पिशवीत फोन याचसाठी असतात. लाइफ जॅकेट ५० न्यूटनचं असेल तर ते पोहणाऱ्याला आधार देतं, बेशुद्ध माणसाचं तोंड वर करत नाही. मुलांना आणि न पोहणाऱ्यांना १०० किंवा जास्त, आणि मांडीखालचा पट्टा लावूनच, नाहीतर पाण्यात जॅकेट वर आणि मूल खाली.

तटरक्षक दलाचा नंबर १५५४. फोन केलात तर "खाडीत आहोत" एवढ्यावर थांबू नका. कुठल्या पुलाच्या कुठल्या बाजूला, किती माणसं, होडी उलटी की सरळ, आणि पाणी चढतंय की उतरतंय हे सांगा. उतरत असेल तर तासाभरात तुम्ही पुलाच्या दुसऱ्याच बाजूला असाल.