लिव्हर मशीन घेण्याआधी कागदावर केलेला हिशोब

हाताने लिव्हर ओढून एस्प्रेसो काढायचं मशीन घरी आणायचं, हे बरेच दिवस मनात होतं. मध्यंतरी युरोपातल्या एका छोट्या कारखान्याने नवं मॉडेल काढलं आणि त्याची ड्रॉइंग मापांसकट सगळ्यांसाठी खुली केली. असं क्वचितच होतं. एरवी अक्रोडाच्या मुठीचे फोटो भरपूर असतात, पण आतला पिस्टन केवढा, हे कुणी सांगत नाही. माझी नोकरी भोसरीत, मशीन डिझाइनमधली. कस्टम ड्यूटी धरली तर किंमत चांगलीच भारी होत होती, त्यामुळे पैसे भरायच्या आधी प्रत्येक माप तपासून बघायचं ठरवलं.

जाहिरातीत सगळा भर ५८ मिलिमीटरच्या बास्केटवर, म्हणजे कॉफीची पूड भरायच्या जाळीदार वाटीवर होता. कॅफेतल्या मशीनचं माप तेच, म्हणून ते भारदस्त वाटतं. पण हाताला जोर किती लागणार, हे बास्केटवर ठरत नाही. ५८ मिलिमीटरच्या पिस्टनवर ९ बार दाब आणायचा तर जवळजवळ २४० किलोचा भार द्यावा लागतो. ४५ मिलिमीटरचा पिस्टन असेल तर तोच भार १४६ किलोवर येतो. या मशीनचा पिस्टन ४५ चाच होता. वाचून हायसं वाटलं, पण पुढचा हिशोब केल्यावर लक्षात आलं की यात फुकट काहीच मिळत नाही. पिस्टन बारीक केला की तेवढंच पाणी ढकलायला त्याला जास्त खाली यावं लागतं. १८ ग्रॅम कॉफीतून ३६ ग्रॅम कपात काढायची तर कॉफीत मुरणारं धरून सुमारे ६० मिली पाणी लागतं. ९ बारने ६० मिली पाणी ढकलायचं म्हणजे ५४ ज्यूल काम. पिस्टन कुठलाही घ्या, हा आकडा बदलत नाही.

मग बदलतं काय? हात किती अंतर फिरतो ते. मूठ ४० सेंटिमीटर फिरत असेल तर सरासरी जोर १४ किलोच्या आसपास लागतो, ३० सेंटिमीटर फिरत असेल तर १८. घर्षण त्याच्या वर. म्हणजे लिव्हर मशीनच्या ड्रॉइंगवर सगळ्यात आधी बघावं ते मुठीचा प्रवास. या मॉडेलमध्ये तो ४० च्या थोडा वरच होता, आणि तिथे माझं मत पहिल्यांदा त्याच्या बाजूने झुकलं.

मिलानच्या अकिले गाजिया यांनी १९३८ मध्ये वाफेऐवजी पिस्टनने पाणी दाबायच्या कल्पनेचं पेटंट मागितलं आणि १९४७ मध्ये स्प्रिंग लावलेली लिव्हर आणली. कॉफीवरची ती सोनेरी साय, क्रेमा, तिथून आली. इतक्या वर्षांनंतरही घरगुती लिव्हर मशीनचा खरा झगडा दाबाशी नाही, उष्णतेशी आहे. बॉयलरमध्ये ०.८ बारची वाफ धरली की आतलं पाणी ११५ अंशांच्या वर जातं. कॉफीला हवं ९० ते ९६ अंशांचं. मधली उष्णता ग्रूपच्या, म्हणजे बास्केट जिथे अडकवतात त्या पुढच्या भागाच्या धातूने शोषून घ्यायची असते. पहिल्या कपाला ग्रूप थंड असतो, म्हणून कॉफी आंबट लागते. तिसऱ्या-चौथ्या कपापर्यंत तोच ग्रूप जास्तच तापतो आणि कॉफी करपट, कडू होते. पाहुणे आले की नेमकं हेच होणार.

मग बिनबॉयलरचं का घेऊ नये, हा प्रश्न आलाच. किटलीत पाणी उकळायचं, सिलिंडरमध्ये ओतायचं, दाबायचं. स्वस्त आणि सुटसुटीत. पण पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांनाच उकळतं. अर्धा किलो स्टीलचा सिलिंडर डिसेंबरच्या सकाळी समजा १८ अंशांवर असेल आणि त्यात ९० मिली उकळतं पाणी ओतलं, तर दोघांचं तापमान ६६ अंशांच्या आसपास येऊन थांबतं. त्यात एस्प्रेसो होत नाही. सिलिंडर आधी दोनदा गरम पाण्याने तापवून घ्यावा लागतो. सकाळी सातला, डबे भरायच्या गडबडीत, हे आमच्या घरी चालणारं नव्हतं.

नव्या मॉडेलमध्ये ग्रूप बॉयलरला थेट बोल्टने जोडलेला नव्हता. मध्ये उष्णता अडवणारा जाड प्लास्टिकचा वॉशर होता आणि ग्रूपला स्वतःचा छोटा हीटर, त्याचं तापमान वेगळं लावता येणारा. सगळ्या ड्रॉइंगमध्ये मला मनापासून आवडलेली गोष्ट हीच. ज्याने हे केलं त्याने चौथा कप काढून बघितला असणार.

पाय मात्र खटकले. मशीनचं वजन ११ किलो आणि पुढचे पाय ग्रूपच्या बरेच मागे. लिव्हर खाली ओढताना मूठ पायांच्या १८ सेंटिमीटर पुढे येत होती. १४ किलो जोर गुणिले १८ म्हणजे २५२. मशीनचं वजन पायांच्या १५ सेंटिमीटर मागे धरलं तर त्याला रोखायला फक्त ११ गुणिले १५, म्हणजे १६५. कागदावर मशीन पुढे कलंडत होतं. खात्री करायला कर्वेनगरच्या मित्राकडे गेलो. त्याच्याकडे जुनं इटालियन मशीन आहे, बांधा साधारण असाच. लिव्हरला बॅगा मोजायचा काटा अडकवला आणि सावकाश खाली ओढत गेलो. काटा १२ च्या पुढे सरकला तसे मागचे रबरी पाय कडाप्प्यावरून हलकेच सुटले, आणि मित्राने पटकन ग्रूपवर हात ठेवला. तो म्हणाला, "मी रोज डाव्या हाताने दाबूनच धरतो रे, सवयच झालीये." ही सवय बऱ्याच लिव्हरवाल्यांना असते, पण डाव्या हाताखाली तापलेलं पितळ असतं, हे विसरून चालत नाही.

सुट्या भागांचा प्रश्न मी सगळ्यात निवांतपणे सोडवला, कारण तोच मशीनचं आयुष्य ठरवतो. पिस्टनवरचं सील झिजणारच. कारखान्याला मापं विचारली, त्यांनी लगेच कळवली. दोन्ही सील साध्या ओ-रिंग, म्हणजे गोल कड्या, मुद्दाम बनवून घेतलेलं काही नाही. ती मापं घेऊन पेठेतल्या रबर-पॅकिंगच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या काकांनी विचारलं, "आयडी, म्हणजे आतला व्यास किती, जाडी किती, आणि गरम पाण्याला का तेलाला?" खाद्यपदार्थाला चालणारी सिलिकॉनची म्हटल्यावर त्यांनी दोन्ही मापं काढून दिली. मशीन यायच्या आधीच सील घरात.

पाण्याचं जरा किचकट. खडकवासल्याचं पाणी मऊ, बॉयलरमध्ये क्षार फारसा धरत नाही. पण उन्हाळ्यात सोसायटीत टँकर येतो, तो बहुधा बोअरचा, आणि ते पाणी जड. आरओचं वापरावं तर या मशीनमध्ये पाण्याची पातळी ओळखणारा प्रोब आहे, आणि अगदी शुद्ध पाण्यातून वीज नीट वाहत नाही, त्यामुळे पाणी असूनही प्रोबला ते नसल्यासारखं वाटू शकतं. आता आरओत थोडं नळाचं पाणी मिसळायचं ठरवलंय.

शेवटचा निर्णय स्प्रिंग की थेट लिव्हर. स्प्रिंगवालीत लिव्हर ओढून स्प्रिंग दाबायची, मग पाणी स्प्रिंग ढकलते; थेट लिव्हरमध्ये आपला हात. स्प्रिंगचा फायदा मला पटतो: रोज तोच दाब, ९ च्या आसपास सुरू होऊन हळूहळू उतरत जाणारा. पण कॉफी न भरता किंवा फार जाड दळून लिव्हर सोडली, तर ती जोरात वर येते आणि हनुवटीवर बसू शकते. घरात सातवीतली मुलगी आहे आणि तिला हे सगळं स्वतः करून बघायचंय. म्हणून थेट लिव्हर. शिवाय आमच्याकडे येतात त्या चिकमगळूरच्या हलक्या भाजलेल्या बिया. त्यांना सुरुवातीला कमी दाबावर जास्त वेळ भिजवलं तर त्या गोड लागतात, आणि तो वेळ हाताने धरणं मला आवडतं. आईचा प्रश्न वेगळाच होता: "ते ओट्यावर ठेवलंस तर माझा मिक्सर कुठे जाणार?" मिक्सर खिडकीखाली गेला.

ऑर्डर दिली आहे. पायांचं कारखान्याला लिहिलं, ड्रॉइंग काढून पाठवलं. पुढच्या खेपेत विचार करतो म्हणाले. तोवर वर्कशॉपमध्ये ८ मिलिमीटर स्टीलची २५ बाय ३८ सेंटिमीटरची पाटी कापायला दिली आहे. ती सहा किलोची होते, मशीन तिला बोल्टने बसेल आणि टेकू ८ सेंटिमीटर पुढे येईल. मग २५२ चे १४० होतात, आणि डावा हात कप धरायला मोकळा राहतो.